आमची वाटचाल: अर्ध्या ब्राइटनेसपासून 200 निट्सपर्यंत

सुरुवातीला आम्ही दोघंच, एक टेबल, एक ट्रायपॉड आणि कंपन्यांकडून थोड्या दिवसांसाठी रिव्ह्यू करायला येणारे मोबाइल फोन. तेव्हा मला वाटायचं बॅलन्स्ड रिव्ह्यू म्हणजे चार गोष्टी चांगल्या लिहायच्या, चार वाईट, कुणी नाराज व्हायला नको. पण फोनच धड नसेल तर ओढूनताणून चार चांगल्या गोष्टी शोधण्यात कसला आलाय न्याय?

डोळे उघडले ते बॅटरी टेस्टमुळे. सगळ्या फोनचा ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून व्हिडिओ लावायचो, आणि एकदा दोन फोन शेजारी ठेवले तर एकाचं अर्धं दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उजेड देतंय! म्हणजे ज्याची स्क्रीन जास्त उजळ तो आमच्याकडे विनाकारण मार खात होता. मग लाइट मीटर घेतलं, आता ते स्क्रीनला टेकवून पांढऱ्या पानावर बरोबर 200 निट्स (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) येईपर्यंत स्लायडर केसभर केसभर सरकवत बसायचं, वेळ जातो पण जाऊ दे. जुने सगळे आकडे बाद केले, फार जिवावर आलं होतं तेव्हा.

बेंचमार्कवर, म्हणजे फोनचा वेग मोजून गुण देणाऱ्या ॲप्सवर, तर आम्ही कधीच विसंबत नाही. 2013 मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी एस4 बेंचमार्क ॲप ओळखून जास्त स्पीडने चालतो हे उघड झालं, 2017 मध्ये वनप्लस 5 चं तेच, 2022 मध्ये गीकबेंच या बेंचमार्क ॲपने अशाच कारणावरून गॅलेक्सी एस22 चे फोन आपल्या यादीतूनच काढले. म्हणून आम्ही एकच गेम अर्धा तास खेळतो आणि फोन तापल्यावर फ्रेम रेट (सेकंदाला स्क्रीनवर येणारी चित्रं) किती पडतो ते बघतो.

एका कंपनीला आमचा रिव्ह्यू झोंबला, त्यांनी फोन पाठवणं बंद केलं. सगळ्यांचे रिव्ह्यू एम्बार्गो (ठरलेल्या वेळेआधी रिव्ह्यू न छापायची कंपनीची अट) उठल्याबरोबर आले, आमचा दोन आठवडे उशिरा, दुकानातून विकत आणून. व्ह्यूज पडले, पगार लांबले. पण ग्राहकाच्या हातात पडतो तोच फोन तपासायला मिळाला, आणि तेव्हापासून जमेल तितके फोन आम्ही विकतच घेतो.

कॅमेऱ्याचे फोटो आता नावं झाकून बघतो, नुसते अ, ब, क. पहिल्याच वेळी मी स्वतः वर्षानुवर्षं वापरत आलेल्या ब्रँडला तिसरा नंबर दिला होता. लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं तसंच.

आणि एक चूक आमचीच. एका फोनची बॅटरी लवकर संपते असं छापलं, तर एका वाचकाने विचारलं की सेटअप केल्यावर किती वेळाने टेस्ट केली? त्याच संध्याकाळी केली होती, मागे हजारो फोटो सिंक होत होते. दोन दिवसांनी परत केली तर आकडा खूपच सुधारला. दुरुस्ती तारखेसकट रिव्ह्यूच्या अगदी वरती टाकली, वाचकाचे आभार मानले. आता प्रत्येक नवीन फोन टेस्टआधी दोन दिवस टेबलावर पडून असतो, लाँचची घाई कितीही असो.