ग्लॅमिसच्या वाळूत दोन रात्री

पहिली चूक मी डांबर सोडल्यावर वीस फुटांतच केली. ग्लॅमिस म्हणजे कॅलिफोर्नियातल्या वाळूच्या टेकड्या, लोक तिथे तंबू ठोकून वाळूत गाड्या पळवायला जातात. गेको रोडच्या पक्क्या पॅडवर, म्हणजे गाड्या लावायच्या डांबरी जागेवर, मोठमोठे ट्रेलर लागले होते. जरा बाजूला शांत जागा बघू म्हणून मी मिनीव्हॅन वाळूत घातली. पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि मी घाबरून अजून जोरात ॲक्सिलरेटर दाबला. गाडी पोटावर बसली. मावसभाऊ आपल्या ट्रकमधून उतरून शांतपणे चालत आला. "दादा, पाय काढ आधी. जेवढं दाबशील तेवढा खाली जाशील."

टायरमधली हवा 35 वरून 15 पीएसआयवर आणली, चाकांमागची वाळू उपसली, मॅट अंथरल्या आणि आलो त्याच चाकोरीतून गाडी मागे घेतली. पाऊण तास गेला. प्रेशर गेज, फावडं आणि हवा भरायचा छोटा पंप बरोबर ठेवाच. पंप विसरलात तर हायवेवर ढिल्या टायरांनी जावं लागेल, आणि ते वाळूत रुतण्यापेक्षा वाईट.

आम्ही फेब्रुवारीत बुधवार ते शुक्रवार गेलो. सॅन डिएगोहून ग्लॅमिस साधारण 150 मैल. आय-8 हा महामार्ग आधी 4000 फुटांवर चढतो, मग एकदम खाली उतरतो आणि ब्रॉली येईपर्यंत तुम्ही समुद्रसपाटीच्याही शंभरेक फूट खाली असता. पेट्रोल, बर्फ, पाणी, सगळं ब्रॉलीतच भरून घ्या. पुढे 78 नंबरच्या रस्त्यावर शेतं संपतात आणि मग आडवी पसरलेली वाळू दिसते. उत्तर-दक्षिण 40 मैलांहून लांब पट्टा आहे हा, काही टेकड्या 300 फूट उंच. रस्त्याला लागून उत्तरेचा भाग राखीव आहे, तिथे गाड्यांना पूर्ण बंदी. दक्षिणेत फिरायचं, पण तिथेही काही भाग बंद आहेत. खुणेचे खांब दिसले की वळा.

1 ऑक्टोबर ते 15 एप्रिल परवाना लागतो. येताना वाटेत काढलात तर स्वस्त, वाळूवर पोचून काढलात तर महाग. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला मात्र जाऊ नका. अख्खं शहर वाळूत उतरतं आणि रात्रभर इंजिनांचा कालवा. ज्यांना जत्रा आवडते त्यांनी जरूर जावं.

'प्रिमिटिव्ह कॅम्पिंग' म्हणजे नळ नाही, वीज नाही, आखलेली जागा नाही. काही ठिकाणी साधे संडास आहेत, बस. पाणी माणशी रोज 4 लिटर फक्त पिण्या-स्वयंपाकाला धरा, भांडी निराळी. आम्ही दुसऱ्या दिवशी ताटं वाळूने घासली आणि ती लख्ख निघाली. आजी राखेने घासायची, तेच. शेकोटीसाठी खिळे असलेलं लाकूड आणू नका. लाकूड जळून जातं, खिळे वाळूत राहतात आणि पुढच्याच्या टायरमध्ये शिरतात. राख गार करून बरोबर न्यायची.

तंबूच्या खुंट्यांचा इथे काही उपयोग नाही. संध्याकाळी निवांत होतं, रात्री दोनला वारा सुटला आणि एक कोपरा उठून माझ्या तोंडावर फडफडायला लागला. मग टॉर्चच्या उजेडात किराण्याच्या कापडी पिशव्यांत वाळू भरली, दोऱ्या त्यांना बांधल्या आणि पिशव्या हातभर खोल पुरल्या. त्यानंतर तंबू हलला नाही. हे दिवसाउजेडी केलं असतं तर झोप मिळाली असती. थंडीही कमी समजू नका. दुपारी टीशर्ट आणि पहाटे कानटोपी, एवढा फरक. सकाळी पोह्यांत वाळू होतीच. तिसऱ्या घासापासून ती जाणवायची थांबते.

आता क्वॉडबद्दल, म्हणजे वाळूत पळवायच्या उघड्या चारचाकी गाडीबद्दल, कारण खरा धोका तिथे आहे. वारा बहुतेक वायव्येकडून येतो. त्या बाजूने टेकडी ऐसपैस चढते आणि माथ्यापलीकडे एकदम तुटते. दुपारी बाराला सावलीच पडत नाही, सगळं पिवळं सपाट दिसतं आणि कडा आहे हे चाक हवेत गेल्यावर कळतं. मावसभावाचा नियम असा: माथा आला की वेग कमी करून थोडं तिरकं व्हायचं, डोकावायचं, मगच उतरायचं. मी एकदा सरळ गेलो. पलीकडे विहिरीसारखा खड्डा होता आणि तळाशी एक माणूस आपली गाडी उभी करून सँडविच खात होता. मी त्याच्यापासून दहा फुटांवर थांबलो. त्याच्या गाडीला काठीवर झेंडा होता, म्हणूनच शेवटच्या क्षणी दिसला. झेंड्याची काठी जमिनीपासून किमान 8 फूट उंच हवी, हा नियम मला तोवर फुकटचा वाटत होता. हेल्मेट तर हवंच. तंबूंपासून 50 फुटांच्या आत वेग ताशी 15 मैलांपेक्षा जास्त नको. सकाळी दहाच्या आत आणि चारनंतर फिरा, मधे झोपा काढा.

परतताना आम्ही ओगिल्बी रोडने दक्षिणेला उतरून आय-8 धरला आणि ग्रेज वेलपाशी थांबलो. इथे जुन्या फळ्यांच्या रस्त्याचे तुकडे कुंपणात जपून ठेवलेत. 1915 साली गाड्या वाळूत रुतायच्या म्हणून नुसत्या फळ्या टाकून रस्ता केला. पुढच्या वर्षी 12 फूट लांब, 8 फूट रुंद अशा तयार चौकटी आणल्या, वाळू चढली की घोडे लावून उचलायच्या आणि सरकवायच्या. 1926 पर्यंत हेच चाललं. समोरून गाडी आली की एकाने मागे जायचं.

मावसभाऊ कुंपणाला टेकून बराच वेळ बघत होता. "दादा, दोन चौकटी मिनीव्हॅनच्या टपावर बांधून घेऊ का?"