‘टी कुठंय?’ असं मैदानात कुणी ओरडलं तर

सामन्याआधी दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना भेटायचं, हा आमच्या पंचगिरीतला ठरलेला भाग. आमचा मुख्य रेफरी तेव्हा हमखास विचारतो, "आज काही वेगळं करणार असाल तर आत्ताच कानावर घाला." गेल्या हंगामातल्या त्या शुक्रवारी निळ्या संघाचे प्रशिक्षक म्हणाले, "फेअर कॅच मिळाला आणि अंतर जमण्यासारखं असलं, तर आम्ही फ्री किक मागू." लाल संघाच्या प्रशिक्षकांनी सांगितलं, "आमचं नेहमीचंच."

मी न्यू जर्सीत आठवडाभर सॉफ्टवेअरचं काम करतो आणि हंगामात शुक्रवारी संध्याकाळी शाळांच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यांत बाजूच्या रेषेवर पंच म्हणून उभा राहतो. शाळांची नावं सांगत नाही. मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत आणि त्या रात्री त्यातली बरीच रडली.

पहिल्या अर्धाची शेवटची 2 सेकंदं उरली होती. लाल संघाला आपल्याच एन्ड झोनजवळून, म्हणजे मैदानाच्या आपल्या टोकाच्या पट्ट्याजवळून, पंट करावा लागला, म्हणजे चेंडू लाथेनं लांब समोरच्यांकडे धाडावा लागला, आणि तो आखूड पडला. निळ्यांच्या मुलानं हात डोक्यावर नेऊन हलवला आणि लाल संघाच्या 28 यार्डांच्या रेषेवर चेंडू अलगद झेलला. हा फेअर कॅच. झेलणारा पुढे पळण्याचा हक्क सोडतो, त्या बदल्यात त्याला कुणी धक्का मारायचा नाही. पण नियमपुस्तकात त्याच्यापुढे आणखी एक जुनी तरतूद आहे : झेल घेतलेल्या रेषेवरूनच फ्री किक मारून चेंडू गोलपोस्टच्या आडव्या दांडीवरून धाडला, तर फील्ड गोलचे 3 गुण. स्नॅप, म्हणजे पायांमधून चेंडू मागे देणं, नाही, अंगावर धावून येणारं कुणी नाही, समोरच्यांनी 10 यार्ड मागे उभं राहायचं. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये हे चालतं, शाळांच्या नियमांत चालतं, मधल्या कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र नाही. त्यामुळे दर शनिवारी कॉलेजचे सामने बघणारे जाणकारही इथे गोंधळतात.

लाल संघाला 18 यार्डांच्या रेषेमागे नेऊन उभं करण्याचं काम माझं. त्यांचे साहाय्यक प्रशिक्षक माझ्यावर ओरडत होते, "आमच्या पोरांना मागे का ढकलताय? हे कुठल्या खेळात असतं?" रेफरीनं येऊन शांतपणे नियम सांगितला. प्रेक्षकांत नुसता गलका होता. मला मात्र त्या क्षणी फार आनंद होत होता. निळ्या संघाच्या प्रशिक्षकांना ही कल्पना कुठून आली ते मला ठाऊक होतं. 19 डिसेंबर 2024 ला लॉस एंजेलिस चार्जर्सच्या कॅमेरॉन डिकरनं डेन्व्हर ब्रॉन्कोजविरुद्ध पहिल्या अर्धाच्या शेवटी अशीच 57 यार्डांची किक मारली होती. एनएफएलमध्ये ही किक त्याआधी यशस्वी झाली होती ती थेट 1976 साली, रे वेर्शिंगची, तीही चार्जर्सकडूनच. आमच्या सामन्यात निळ्यांचा नेहमीचा फील्ड गोल असता तर चेंडू 7 यार्ड मागे ठेवावा लागला असता, आणि गोलपोस्ट एन्ड झोनच्या मागच्या टोकाला, आणखी 10 यार्डांवर असतो, म्हणजे 45 यार्डांची किक. इथे ती 38 यार्डांची झाली. शाळकरी मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. चेंडू दांडीवरून जेमतेम गेला. गोलपोस्टखालच्या माझ्या दोन्ही सहकाऱ्यांनी हात वर केले.

दुसरा अर्ध अटीतटीचा झाला. शेवटी निळे 17, लाल 14. लाल संघाचा चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, चेंडू 9 यार्डांवर, घड्याळात काही सेकंदं. ते फील्ड गोलच्या रचनेत उभे राहिले. सोपी किक, बरोबरी जवळपास ठरलेली. तेवढ्यात किकर ओरडला, "टी कुठंय? अरे, टी कुठंय?" दुसरा मुलगा म्हणाला, "थांब, मी आणतो," आणि माझ्या बाजूच्या रेषेकडे पळत सुटला. टी म्हणजे किकसाठी चेंडूखाली ठेवायची छोटी बैठक. एनएफएलमध्ये फील्ड गोलसाठी ती ठेवता येत नाही. शाळांत दोन इंचांपर्यंतची चालते, म्हणून हा बनाव खरा वाटतो. निळी मुलं सैल पडली. कुणी कमरेवर हात ठेवले, एकजण मागे वळून मित्राशी बोलू लागला.

मी शिट्टी फुंकली आणि नियमभंगाची खूण म्हणून पिवळा फ्लॅग टाकला. पण जवळपास त्याच क्षणी स्नॅप झाला होता. गोंगाटात शिट्टी कुणाला ऐकू गेली नाही. किकरनं चेंडू घेतला, माझ्यासमोरून पळणाऱ्या त्या मुलाकडे पास फेकला, आणि तो एकटाच एन्ड झोनमध्ये शिरला. लाल बाजूचे प्रेक्षक उठून नाचू लागले.

रेफरीनं मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "तू नक्की काय ऐकलंस?" मी दोन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली. शाळांच्या नियमांच्या केसबुकात, म्हणजे नमुना प्रसंग आणि त्यांचे निर्णय देणाऱ्या पुस्तकात, हे अगदी याच शब्दांत दिलेलं आहे : फसवणूक हा फुटबॉलचा भागच आहे, पण काहीतरी अडचण आलीय आणि खेळ सुरू होणार नाहीये असं भासवणं हे खिलाडूवृत्तीबाहेरचं. चेंडू मृत, म्हणजे तो डाव धरायचाच नाही, आणि 15 यार्डांचा दंड.

लाल संघाचे प्रशिक्षक संतापले. "त्यांची ती भलती किक चालते आणि आमची युक्ती चालत नाही?" प्रश्न रास्त होता, म्हणून मी तो मनावर घेतला. क्रिकेट पाहणाऱ्याला हा फरक लगेच कळेल. गुगली टाकणं ही कला, पण चेंडू हातात नसताना फेकल्याचं सोंग करून फलंदाजाला फसवलं, तर 2017 पासून 5 धावांचा दंड आहे. निळ्यांच्या किकच्या वेळी समोरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं की किक येतेय. लाल संघाच्या डावात समोरच्यांना खेळ थांबलाय असं सांगितलं गेलं. बेसावध उभ्या मुलाच्या अंगावर पूर्ण वेगानं कुणी आदळलं तर काय होतं, ते मी मैदानावर पाहिलेलं आहे. तो निर्णय मी आजही तसाच देईन.

दंडानंतर चेंडू 24 यार्डांवर गेला, किक 41 यार्डांची झाली आणि दांडीच्या अलीकडेच पडली. सामना 17-14.

मुलांचा मला राग आला नाही. त्यांनी शिकवलेलं चोख केलं, पळणाऱ्या मुलाची वेळ तर बिनचूक होती. शिकवणाऱ्या मोठ्या माणसानं केसबुक उघडून पाहायला हवं होतं, किंवा सामन्याआधी आम्हाला विचारायला.

पार्किंगमध्ये तो किकर माझ्याकडे आला. डोळे सुजलेले होते. "सर, मी काहीच न बोलता तेच केलं असतं तर?" मी म्हणालो, टी शोधण्याचा अभिनय न बोलता केलास तरी दंडच. पण होल्डरनं, म्हणजे किकसाठी चेंडू धरणाऱ्यानं, चेंडू घेऊन उभं राहायचं आणि पास फेकायचा, किंवा स्वतः पळायचं, यात काहीच गैर नाही. त्यानं विचारलं, ड्रॉप किक अजून चालते का? चालते, मी म्हणालो. चेंडू हातातून सोडायचा आणि जमिनीवर टेकून उसळताच लाथ मारायची. 1 जानेवारी 2006 ला एनएफएलच्या सामन्यात डग फ्लूटीनं मायामी डॉल्फिन्सविरुद्ध अशीच एक मारून टचडाऊननंतरचा जादा 1 गुण मिळवला, त्याआधी एनएफएलमध्ये ती 1941 साली जमली होती. त्यानं फोन काढला आणि नाव कसं लिहायचं ते विचारलं.