लोखंडाचं सागवान

रंगारी डबा खायला गच्चीवर गेले होते. त्यांचा पॉलिश पेपर हॉलच्या खिडकीत पडला होता, तो उचलून मी चौकटीचा एक कोपरा उगीचच घासत बसले. आधी तपकिरी गेला, मग हळदीसारखा पिवळा, मग करडा. सगळ्यात खाली रेड ऑक्साइडचा विटकरी थर आणि त्याखाली चकचकीत लोखंड. म्हणजे मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण डोळ्यांनी बघितल्यावर जरा ओशाळल्यासारखं झालं. कुणाचा तरी केसांचा टोप सरकलेला आपल्याला दिसावा तसं.

"पांढरा मारू ताई, खोली मोकळी वाटेल," असं रंगारी सकाळपासून सांगतोय. लेकीनेही व्हिडिओ कॉलवर खिडकी बघून नाक मुरडलं. नवऱ्याचं मत "तुला हवं ते", म्हणजे नंतर बोलायला मोकळा.

आमची सोसायटी १९७९ची, कोथरूडची. खिडक्या सगळ्यांच्याच लोखंडी आणि करड्या. बाबांना मात्र सागवान हवं होतं. लाकडाच्या वखारीत जाऊन भाव विचारून आले आणि दोन दिवस गप्प होते. मग १९८४मध्ये, आत्याच्या लग्नाआधी घराला रंग काढला तेव्हा कुणीतरी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याला घेऊन आलं. तो लोखंडावर लाकूड काढून द्यायचा.

मी तेव्हा सात वर्षांची. शाळा बुडवून बघत बसले होते. पिवळा तेलरंग आदल्या दिवशी वाळलेला. त्यावर त्याने पातळ तपकिरी हात दिला आणि तो ओला आहे तोवर वरून खाली फणी ओढली. नुसत्या रेघा. मग मनगट किंचित थरथरवलं आणि रेघांच्या शिरा झाल्या. मध्येच अंगठ्याला चिंधी गुंडाळून एका जागी पिळा दिला, की गाठ तयार. "हे कुठलं झाड?" मी विचारलं. मान न वळवता म्हणाला, "साग. पन्नास वर्षांचा."

डाव्या हाताची खालची गाठ घुबडासारखी झाली होती. दहावीपर्यंत मी त्याच खिडकीत अभ्यास केला. माझं बीजगणित त्या घुबडाइतकं दुसऱ्या कुणी बघितलेलं नाही.

गंमत म्हणजे गावच्या घराला खरं सागवान होतं. पणजोबांच्या वेळच्या खिडक्या, बोटभर जाड गज, कडी लावताना घुमणारा आवाज. पण काकांनी एका दिवाळीला त्यावर हिरवागार ऑइल पेंट फासला, कारण काय तर नवं दिसतं! बाबा तिथे गेले की त्या हिरव्यावर नखाने खरवडून बघायचे आणि काकू चहा घेऊन आली की हात मागे घ्यायचे. दोघा भावांचं यावर बोलणं झालेलं मला आठवत नाही.

खरवडण्यावरून आठवलं. तावदानं पक्की बसवणारी लांबी, म्हणजे पुट्टी, सुटायला आली की आम्ही पोरं ती उकरून काढायचो. खडूची पूड आणि अळशीचं तेल, त्या वासावर मी अजून फिदा आहे. तिचे गणपती व्हायचे, सोंड मात्र तुटायची. रंगाचे पोपडेही निघायचे आणि तीच बोटं तोंडात. घरगुती रंगातल्या विषारी शिशाला ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. आमचा साग त्याच्या तेहतीस वर्षं आधीचा. त्यात किती होतं कोण जाणे. आणि आत्ता मी बसून कोरडंच घासत होते! उठले, हात धुतले, फडकं ओलं करून सगळी धूळ टिपली.

पांढऱ्यावर माझा तसा काही राग नाही. शेजारच्यांनी चार वर्षांपूर्वी केल्या पांढऱ्या. छान दिसल्या, पहिला पावसाळा येईपर्यंत. मग खालच्या सांध्यांतून गंज ओघळला, रडून काजळ उतरावं तसा. कडीपाशी बोटांचे डाग. आणि पडद्यामागचा, उजेड न लागलेला भाग पिवळट पडला. तेलरंगाचं हे उलटंच, उन्हात पांढरा राहतो आणि अंधारात पिवळा पडतो. तपकिरी सगळं पोटात घालतो. शिवाय शेड कार्डावर पांढरेच इतके, की निवडताना मला मोत्याच्या दुकानात शिरल्यासारखं झालं.

रंगारी ढेकर देत खाली आला. घासलेला कोपरा बघून काही बोलला नाही, पण बघितलंन. मी घाईने म्हटलं, "स्वयंपाकघराच्या खिडकीला पांढरा मारा. इथलं उद्या बघू." मग धीर करून विचारलं, "तुमच्याकडे फणी असते का हो?"

त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि केस विंचरायची फणी काढून माझ्यापुढे धरली.