एका घंटेत दोन सूर

"पासष्ट घंटांतून सव्वाशेवर सूर कसे?" आज कुणीतरी विचारलेला हा प्रश्न डोक्यातून जाईना.

वुहानच्या हुबेई प्रांतिक संग्रहालयातल्या या काशाच्या घंटा. प्राचीन चीनमधल्या त्संग राज्याचा अधिपती यी याच्या थडग्यातल्या, इ.स.पू. ४३३च्या सुमाराच्या. १९७८ साली सापडल्या.

खालच्या काठाशी मधोमध ठोका दिला की एक सूर, बाजूला दिला की दुसरा. साधारण सा आणि कोमल किंवा शुद्ध गंधार.

घंटेचा आडवा छेद बदामासारखा. गोल घंटा घुमत राहते, सूर एकमेकांत मिसळतात. इथे नाद लवकर विरतो. सूर लावलाय आतून धातू घासून. जास्त घासला तर संपलंच, धातू परत चढत नाही!

आणि ठोक्याच्या जागी स्वराचं नाव, सोनं भरून कोरलेलं. आपल्याकडे वाद्यावरच असे स्वर कोरलेले कुणी पाहिलेत?