गड्ड्याचे पाय

आमच्या गल्लीत हल्ली माझी ओळख 'डांबराला हात लावणारी बाई' अशी झाली आहे. एप्रिल लागला की संध्याकाळी मी फाटकाबाहेर येते, उकिडवी बसते, पंजा उलटा करून हाताची मागची बाजू रस्त्याला टेकवते आणि सात आकडे मोजते. समोरच्या काकूंनी पहिल्यांदा विचारलं, "काय पडलं ओ? अंगठी का?"

"नाही काकू, रस्ता निवलाय का बघायलेय. गड्ड्याला न्यायचंय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, गड्ड्याकडे पाहिलं आणि आत निघून गेल्या.

गड्डा म्हणजे आमचा कुत्रा. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असताना होम मैदानाजवळ सापडला, म्हणून गड्डा. पहिल्या उन्हाळ्यात मला काहीच कळत नव्हतं. दुपारी चारला त्याला घेऊन निघाले, तर तो एकेक पाय उचलून नाचायला लागला. मला मेलीला गंमत वाटली. घरी आल्यावर तळवा उलटून पाहिला, तर गादीचं वरचं साल पापडासारखं सुटलेलं. सोलापूरचा पारा बेचाळिशीत असतो तेव्हा उन्हातलं डांबर त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं, आणि आपल्या पायात चप्पल असते. सात आकड्यांचा हिशेब जनावरांच्या डॉक्टरांनी शिकवला. तेवढा वेळ हात टिकला नाही, तर फेरी रद्द. उन्हाळ्यात सकाळची फेरी आम्ही आता सहाच्या आतच उरकतो, संध्याकाळची रस्ता निवल्यावर.

त्याच दवाखान्यात आणखी एक गोष्ट दिसली. गड्डा स्टीलच्या टेबलावर थरथरत उभा होता आणि उचलून घेतल्यावर मागे चार ओले ठसे राहिले. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः पायाच्या गाद्यांना. भीतीचासुद्धा. तेव्हापासून फरशीवर ओलं पाऊल दिसलं की मी आधी बाहेर फटाके वाजतायत का ते ऐकते.

पण खरा वैरी उन्हाळा नव्हे, सराटा. मोकळ्या प्लॉटात जमिनीलगत पसरलेला, पिवळ्या इवल्या फुलांचा, दिसायला अगदी गरीब, पण फळं काटेरी. गड्डा तीन पायांवर लंगडत येतो आणि उताणा पडतो. दोन गाद्यांच्या मधे, केसांच्या बुडाशी, बोट घालून चाचपत जायचं. कधी तिथे गोचीड भेटते. सराटा भेटला की नखाने सरळ वर ओढायचा, वाकडा ओढला तर टोक आतच राहतं. पाण्याने पाय धुवायचा आणि कोरडा करायचा. पावसाळ्यात तर हे पुसणं रोजचंच. बोटांच्या बेचक्यात ओल राहिली की तो तिथे चाटत बसतो आणि भाजक्या कणसासारखा वास यायला लागतो. पुसायला घरातला जुना टॉवेल. सोलापुरात टॉवेलांना काय तोटा!

नखांबद्दल न बोललेलं बरं. गड्ड्याची नखं काळी, आतली रक्ताची शीर दिसत नाही. एकदा जास्त कापलं गेलं, कॉर्नफ्लॉवर दाबून रक्त थांबवलं. 'शेकहँड' म्हटल्यावर दहा वेळा पाय देणारा हा प्राणी नेलकटर दिसलं की पाय पोटाखाली घेतो, तो अजून.

रात्री गाद्यांना खोबरेल लावते. बोटभरच, कारण गादी फार मऊ पडली तर खडीवर लवकर सोलवटते, आणि तो चाटणार हेही ठरलेलं. आई हे सगळं दारातून बघायची. "माझ्या टाचांच्या भेगांत चवल्या मावतील, पण तेल कुत्र्याला," असं भिंतीला ऐकवायची. तिच्या टाचा मी कधी उलटून पाहिल्या नव्हत्या, हे खरंच.

परवा वाटी आत ठेवायला निघाले, तर आई पाय लांब करून बसली होती. साडी घोट्यावर सरकवलेली.

"गड्ड्याचं तेल उरलंय का गं?"

उरलं होतं.