चौकट एक्का म्हणजे पत्र

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "तुम्ही पत्त्यांवरून भविष्य बघता म्हणे. मग टॅरो का नाही? हे रमीचे पत्ते काय घेऊन बसलाय?" विचारणाऱ्याचा थोडा हिरमोड झालेला असतो. टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात ते चित्रांचे पत्ते; ते म्हटलं की मखमली पिशवी, चांदण्या, उलटा टांगलेला माणूस. माझ्याकडे नुसती बत्तीस पानं, तीही गणपतीच्या जागरणात हाताळून मऊ पडलेली.

मी फ्रेंच शिकवते आणि पत्त्यांकडे त्याच वाटेनं आले. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कादंबऱ्या वाचताना कुठली तरी म्हातारी सारखी पत्ते मांडते, चौकटीचं पान निघालं की पोरीचा चेहरा फुलतो, इस्पिक निघालं की उतरतो. बिझेच्या १८७५ च्या 'कार्मेन' या ऑपेरात तिसऱ्या अंकात हेच आहे: दोन मैत्रिणी पत्ते मांडून हसतखेळत प्रियकर आणि श्रीमंत म्हातारा नवरा मिळवतात, आणि कार्मेनला निघतं चौकट, मग इस्पिक, मग मरण. प्रेक्षकांना हे समजावून सांगावं लागत नव्हतं. आपल्याकडे मांजर आडवं गेलं म्हणजे काय, हे सांगावं लागतं का? त्यांना जे पाठ होतं ते मलाही हवं होतं, एवढंच.

आता टॅरो. टॅरो फार प्राचीन, इजिप्तच्या पुजाऱ्यांचं गुप्त ज्ञान, असं ऐकलं असेल. हे पहिल्यांदा छापील मांडलं पॅरिसमध्ये, १७८१ साली, कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं. तोवर इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकानं ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे जेबलँसाहेबांना अडवणारं कुणी नव्हतं. प्रत्यक्षात टॅरो निघाला उत्तर इटलीत, १४४० च्या आसपास, आणि तो खेळ होता. हात करायचे, हुकूम मारायचा. फ्रान्समध्ये आजही तो अठ्ठ्याहत्तर पानांनी खेळतात, एकवीस पानं कायमची हुकमाची, आणि तिथं कुणी गूढ चेहरा करून बसत नाही.

गंमत अशी की इजिप्तशी खरं नातं आहे ते तुमच्या-माझ्या साध्या पत्त्यांचं. १३७० च्या दशकात युरोपात पत्त्यांच्या नोंदी सापडू लागतात. ते तिकडे गेले मामलुक सुलतानांच्या राज्यातून, म्हणजे इजिप्त-सीरियाकडून. त्यातले काही मामलुक पत्ते इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहेत. म्हणजे ज्या खेळाला इजिप्तचा शिक्का मारला तो इटलीचा, आणि जो खरंच तिकडून आला त्याला आपण रमीचे पत्ते म्हणून नाक मुरडतो.

फ्रान्समध्ये पत्त्यांवरून भविष्य बघण्याची रीतसर पद्धत पहिल्यांदा छापली गेली १७७० मध्ये, आणि ती साध्या पत्त्यांची होती. लेखक ज्याँ-बाप्तिस्त आलिएत. आडनावाची अक्षरं उलटी लावून त्यानं 'एतेया' हे नाव घेतलं. बियाणं आणि छापील चित्रं विकणारा पॅरिसचा माणूस. त्या काळी पिके नावाचा खेळ घरोघरी चाले, त्याला बत्तीस पानं लागत, सत्तीपासून एक्क्यापर्यंत. एतेयानं तीच घेतली आणि प्रश्न विचारणाऱ्यासाठी एक तेहेतिसावं पान घातलं. बाजारात इजिप्तची हवा झाल्यावर हाच गृहस्थ टॅरोकडे वळला आणि १७८९ मध्ये त्यानं स्वतःचा टॅरोसंच काढला. दुकानदार माणूस, गिऱ्हाईक कुठं चाललंय ते त्याला कळत होतं. मला तो आवडतो, पण त्याच्या दुसऱ्या दुकानापेक्षा पहिलं जास्त.

कारण त्या बत्तीस पानांत एक अख्खं घर आहे. बदाम म्हणजे माया, लग्न, घरची माणसं. किलवर म्हणजे पैसा. चौकट म्हणजे बाहेरून येणारं सगळं: निरोप, प्रवास, परका माणूस. इस्पिक म्हणजे आजार, कोर्टकचेरी, मरण. चौकट एक्का म्हणजे पत्र. चौकट दश्शी प्रवास, चौकट गुलाम निरोप्या. किलवर दश्शी घसघशीत पैसा, किलवर सत्ती किरकोळ. इस्पिक राजा म्हणजे वकील नाही तर न्यायाधीश, आणि तो चांगला निघाला असं मी फारसं वाचलेलं नाही. इस्पिक अठ्ठी आजारपण. चार राजे एकत्र आले तर मोठा मान, चार राण्या एकत्र आल्या तर मोठी चर्चा! यात कुठं आत्म्याचा प्रवास नाही, विश्वाची ऊर्जा नाही. पत्र आलं का, पैसे मिळतील का, दावा लागेल का, धाकटीचं जमेल का. पॅरिसमधल्या जिन्यावरच्या बायकांच्या काळज्या, जशाच्या तशा.

मांडायची पद्धत एकदा दाखवतेच. पानं पिसायची आणि समोरच्याला डाव्या हातानं कापायला सांगायची. इथंच आपल्याकडची मंडळी अडखळतात. डावा म्हटलं तरी उजवा पुढे येतो, मग ओशाळं हसू, मग परत. प्रश्न बाईचा असेल तर एक राणी तिची, पुरुषाचा असेल तर एक राजा त्याचा. सगळी पानं अर्धगोलात लावायची, ते पान शोधायचं, त्याला एक धरून सात मोजायचे. सातवं पान वाचायचं, त्याला एक धरून पुन्हा सात. असं फिरत फिरत परत त्याच राणीशी यायचं. सुटं पान काहीच बोलत नाही, शेजारपाजार बघावा लागतो. चौकट एक्क्याशेजारी किलवर दश्शी आली तर पैशाचं पत्र, आणि तोच एक्का इस्पिक राजाशेजारी बसला तर नोटीस.

आता ती राणी कुठली निवडायची? जुनी पुस्तकं म्हणतात, केसांच्या आणि कातडीच्या रंगावरून. सोनेरी केस असतील तर बदाम, तपकिरी असतील तर किलवर, अगदी काळे असतील तर इस्पिक. हा नियम पुण्यात लावला तर माझ्या ओळखीतली एकूण एक बाई इस्पिकात जाते. मी तो सोडून दिला आणि ज्याला जी राणी आवडेल ती घ्यायला लावते. सगळे बदाम घेतात.

उलटसुलट हाही एक घोळ आहे. एतेयाच्या पद्धतीत पान उलटं आलं की अर्थ बदलतो. त्याच्या काळी राजा पायापर्यंत अख्खा छापलेला असे, तो डोक्यावर उभा राहिला की लगेच दिसे. दोन डोक्यांचे राजे एकोणिसाव्या शतकात रुळले, खेळणाऱ्यांच्या सोयीसाठी. आजचा कॅट घेऊन बसा: सत्ती सोडली तर चौकटीचं कुठलंही पान फिरवा, तसंच दिसतं. मग पत्ते बघणाऱ्या बायका काय करायच्या? पानाच्या एका टोकाला पेन्सिलीनं बारीक टिंब. जुन्या कॅटमध्ये अशी टिंबं दिसली की मला भारी आनंद होतो. हा कॅट जुगाराचा नाही, कुणा तरी बाईच्या भविष्याचा आहे, हे टिंबावरून कळतं.

या सगळ्यात मला सर्वांत खुपतं ते पान इस्पिक राणीचं. पुस्तकांत तिचा अर्थ विधवा, आणि लगेच पुढे कजाग, वाईटावर टपलेली बाई. दोन्ही एका दमात. एकदा माझ्या आत्यासाठी पत्ते मांडले होते. तिला काही विचारायचं नव्हतं, सगळ्यांचं झालं तर माझंही बघ, एवढंच. मोजत गेले आणि इस्पिक राणीवर आले. आत्याचे यजमान मी शाळेत असतानाच गेलेले. मी पुढचं पान बघायला लागले तर तिनं राणीवर बोट ठेवलं. "हिचं राहिलं. हिचा काय अर्थ?" मी पुस्तकात आहे ते सांगितलं, गाळलं नाही. ती मोठ्यानं हसली. "अगं, म्हणजे तिकडंही तेच? मला वाटलं फ्रान्स जरा सुधारलेलं असेल." मग चहा टाकायला उठली. जाताना म्हणाली, हिचा अर्थ बदलून टाक, तुझे पत्ते आहेत. मी बदललेला नाही. जुनं पान जुनं म्हणूनच वाचावं, असं माझं मत आहे. पण आता ते निघालं की मी तो अर्थ आणि आत्याचं उत्तर, दोन्ही सांगते.

तुमच्यापैकी ज्यांनी थोडं वाचलंय ते पुढे विचारतात, "आणि लनोर्मां?" मारी-आन लनोर्मां, पत्ते बघणारी नामांकित बाई, जन्म १७७२, मृत्यू १८४३, पॅरिसमध्ये रु द तुर्नों या रस्त्यावर तिचं बस्तान. नेपोलियनची जोसेफिन तिच्याकडे येत असे, पोलिसांनी तिला पकडलंही. मात्र तिच्या थोरवीच्या बऱ्याचशा कथा तिच्याच पुस्तकांतून आलेल्या आहेत, हे लक्षात ठेवून वाचावं. आज तिच्या नावानं जो छत्तीस पानांचा संच विकला जातो तो तिचा नाहीच. तो न्यूरेम्बर्गच्या योहान कास्पार हेख्टेलनं १८०० च्या सुमारास काढलेला खेळ: सहा ओळींत सहा-सहा पानं मांडायची, फासे टाकायचे, सोंगटी पुढे न्यायची, पस्तिसाव्या नांगराच्या पानावर पोचलं की जिंकलं. बाई गेल्यावर व्यापाऱ्यांनी त्याच चित्रांना तिचं नाव चिकटवलं.

त्या छत्तीस चित्रांवर छोटे पत्तेही छापलेले असतात, आणि "खरं ठरतं का हो?" या तुमच्या खऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर तिथं आहे. पॅरिसच्या पद्धतीत किलवर म्हणजे पैसा-बरकत. लनोर्मांच्या संचात किलवर राणीवर साप आहे, किलवर राजावर ढग, किलवर सत्तीवर उंदीर. म्हणजे तेच पान पॅरिसच्या बाईकडे निघालं तर चार पैसे हातात येणार आणि जर्मन पद्धतीत निघालं तर असलेले कुरतडले जाणार. दोघींची गिऱ्हाइकं समाधानानं घरी जात होती. पत्त्यांना काही ठाऊक असतं तर त्यांनी निदान आपापसांत एकमत केलं असतं.

तेव्हा नाही, खरं ठरत नाही. ठरलं तर योगायोग. पत्त्यांची तशी चाचणी इथं झालेली मला माहीत नाही, पण कुंडल्यांची पुण्यातच झाली आहे. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिष्यांना दिल्या, कुठली कुणाची ते ओळखा म्हणून. सत्तावीस जणांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहिल्या. बरोबर उत्तरं ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती. माझे पत्ते याहून वरचढ असतील असं मानायला काही कारण नाही, आणि नोकरी सोडू का, ऑपरेशन करू का, असलं विचारायला येणाऱ्याला मी पत्ते न पिसताच परत पाठवते.

पैसेही घेत नाही. फ्रान्समध्ये १८१० च्या दंडसंहितेत भविष्य सांगण्याचा धंदा करणाऱ्याला ११ ते १५ फ्रँक दंड होता, आणि ते कलम विसाव्या शतकाच्या शेवटपर्यंत टिकलं. फुकट सांगणाऱ्याबद्दल त्यात काही नव्हतं. मी त्याच बाजूला बरी.

मग करते कशाला? तर अडीचशे वर्षांपूर्वीच्या परक्या गावातल्या बायकांना कशाकशाची धास्ती वाटत होती, ते इतकं हाताशी दुसरीकडे कुठं मिळत नाही म्हणून. इतिहासाच्या पुस्तकात मला क्रांतीच्या तारखा मिळतात. या बत्तीस पानांत टपाल वेळेवर येत नसे हे कळतं. एका पानाचं काम फक्त पत्र येणं, दुसऱ्याचं काम फक्त ते आणणारा पोऱ्या. माझे विद्यार्थी चौकट एक्का वाचताना "व्हॉट्सॲप?" म्हणतात. म्हणू देत. पण निळी टिक दिसूनही उत्तर न येण्याला जुन्या पुस्तकांत पान नाही. तिथं पत्र एक तर येतं, नाही तर उलटं येतं.

शिकायचंच असेल तर महागडे संच मागवू नका. घरात आहे तो कॅट घ्या, दुर्री ते छक्की बाजूला काढा, बत्तीस उरतील. पहिल्यांदा चौकट पाठ करा, सगळ्या गोष्टी तिथून सुरू होतात. टिंब करायचं ते पानाच्या तोंडावर, कोपऱ्यात, अगदी बारीक. पाठीवर केलंत तर काढलेली पानं परत घालून त्याच कॅटनं मेंढीकोट खेळता येणार नाही, आणि घरात भांडणं होतील ती वेगळीच.