हेडची खुर्ची सोडून मासे तपासणारा माणूस

ओझोनच्या भोकाचा धडा शाळेत सगळ्यांनीच वाचलाय, फ्रीज, स्प्रे, त्यांत वापरले जाणारे सीएफसी नावाचे वायू वगैरे. पण त्यामागच्या शेरवुड रोलंड या अमेरिकन केमिस्टचं करिअर परवा जरा खोलात जाऊन वाचलं आणि खरं सांगू का, ओझोनपेक्षा मला त्याच्या माशांचंच जास्त कौतुक वाटलं. हो, मासे. सांगते.

1964 मध्ये हा कॅन्ससहून कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या अर्व्हाइन कॅम्पसला केमिस्ट्रीचा पहिला हेड म्हणून गेला, तेव्हा तिथे विद्यार्थीच नव्हते, ते आले 1965 ला. म्हणजे माणसं निवडण्यापासून लॅब उभ्या करण्यापर्यंत सगळं शून्यातून. त्याचा स्वतःचा विषय किरणोत्सारी अणूंची केमिस्ट्री, पीएचडी शिकागोला विलार्ड लिबीकडे (कार्बन डेटिंगवाला लिबी), पर्यावरणाशी तसा काडीचा संबंध नाही.

1970 ला हेडशिप सोडली. आता मी ज्या हेडच्या हाताखाली काम केलंय ते एकदा खुर्चीत बसले ते नंतर लॅबमध्ये फक्त नवीन मशीनसोबत फोटो काढायला यायचे, त्यामुळे हा भाग मी दोनदा वाचला. यानं मुद्दाम ठरवलं की आता काहीतरी नवीन करायचं, वय 43, चांगलं नाव झालेलं असताना! साल्झबर्गला किरणोत्सार आणि पर्यावरण अशी एक मीटिंग होती, तिथून व्हिएन्नाला जाताना ट्रेनच्या डब्यात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा एक अधिकारी भेटला, गप्पा झाल्या, आणि त्या ओळखीतून 1972 च्या जानेवारीत फोर्ट लॉडरडेलच्या वर्कशॉपला गेला, तिथे कळलं की जेम्स लव्हलॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञाला भर समुद्रावरच्या हवेत सीएफसी-11 (सीएफसीचाच एक प्रकार) सापडलाय.

मासे याच दरम्यानचे. तेव्हा अमेरिकेत ट्यूना आणि स्वोर्डफिशमध्ये पारा सापडला म्हणून बोंबाबोंब चालली होती, कारखान्यांनी समुद्र नासवला असं जो तो म्हणत होता. रोलंड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काय केलं, तर म्युझियममधले जुने, बहुतेक 60 ते 93 वर्षांपूर्वी पकडलेले मासे मिळवले आणि त्यांच्यातला पारा मोजला. निघाला जवळपास तेवढाच! म्हणजे पर्यावरणात उतरल्या उतरल्या याचं पहिलं म्हणणं काय, तर या माशांमधला पारा काही नवीन नाही, उगाच घाबरू नका. पुढे ज्याला लोकांनी भीती पसरवणारा म्हणून हिणवलं तो हाच माणूस, हे विसरायचं नाही.

मग 1973 ला मारिओ मोलिना पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) म्हणून आला आणि दोघांनी एक साधा प्रश्न धरला, हा सीएफसी शेवटी जातो कुठे? पाण्यात विरघळत नाही, कशाशी रिअ‍ॅक्ट होत नाही, पाऊस धुऊन नेत नाही. तर तो हळूहळू वर वर चढतो, स्ट्रॅटोस्फिअरमध्ये (वातावरणाचा वरचा थर, ओझोन असतो तो) अतिनील किरणांनी फुटतो, त्यातून क्लोरिन सुटतो, तो ओझोनचा एक ऑक्सिजन ओढून घेतो, मग मोकळा होतो, पुन्हा दुसरा ओझोन पकडतो, असं एक क्लोरिन साधारण लाखभर ओझोन संपवतो. आणि सीएफसी हवेत टिकतो 40 ते 150 वर्षं. घरी बायकोने, जोनने, विचारलं काम कसं चाललंय, तर म्हणाला काम मस्त चाललंय, पण जगाचा शेवट दिसतोय असं वाटतं. दोघांनी घरातले स्प्रेचे डबे टाकून दिले.

28 जून 1974 ला पेपर ‘नेचर’मध्ये आला, योगायोगाने त्याच दिवशी त्याचा 47 वा वाढदिवस. त्यानंतरची दहा-एक वर्षं वाईट. स्प्रेवाल्या कंपन्या तुटून पडल्या, एकाने तर हे केजीबीचं (सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचं) कारस्थान आहे असंही सुचवलं, आणि मला जास्त टोचलं ते हे की स्वतःच्याच क्षेत्रातली केमिस्ट्री डिपार्टमेंटं त्याला लेक्चरला बोलवेनाशी झाली. हा सहा फूट पाच इंचाचा माणूस मात्र सरकारी समित्यांसमोर जाऊन तेच तेच शांतपणे सांगत राहिला. 1978 ला अमेरिकेने स्प्रेमधला सीएफसी बहुतांश बंद केला, 1985 ला ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावर ओझोन जबरदस्त घटलेला दिसला, 1987 ला सीएफसी कमी करायचा आंतरराष्ट्रीय माँट्रिऑल करार, 1995 ला मोलिना आणि पॉल क्रुटझनसोबत नोबेल. एवढं सगळ्यांना माहितीच आहे.

पण या शिव्या चालू असतानाच, 1978 पासून, तो आणि त्याचा विद्यार्थी डोनाल्ड ब्लेक हवेतला मिथेन (पृथ्वी तापवणारा एक वायू) मोजत होते. पद्धत एकदम साधी, आतली हवा काढलेला स्टीलचा डबा घ्यायचा, अलास्कापासून न्यूझीलंडपर्यंत ठिकठिकाणी जायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, हवा आत घुसली की बंद करायचा, डबा अर्व्हाइनला आणून मोजायचा. पुन्हा तीन महिन्यांनी तेच. 1987 पर्यंत मिथेन साधारण 11 टक्क्यांनी वाढलेला निघाला.